व्हेसिकलचं घोडं नेमकं कुठं पेंड खातं? पायरी पायरीनं शोधायची पद्धत

सेल बायोलॉजीच्या पुस्तकात व्हेसिकल ट्रॅफिकचा (व्हेसिकल म्हणजे पेशीत एकीकडचा माल दुसरीकडं नेणारी मेम्ब्रेनची, म्हणजे पातळ पडद्याची, बारीक पिशवी) धडा उघडला की पहिल्या दोन पानातच तीस चाळीस नावं अंगावर येतात, रॅब, स्नेअर, स्नॅप, एनएसएफ, सेक अमुक, मंक तमुक, आणि आपण ती रट्टा मारून पाठ करतो आणि परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. माझंही हेच झालं होतं. मग कधीतरी डोक्यात शिरलं की हे पाठ करायचं प्रकरणच नाहीये, हे अडवून बघायचं प्रकरण आहे. एकेक पार्ट बंद पाडायचा आणि बघायचं की माल कुठं तुंबला. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांनीपण हेच केलं होतं, म्हणून तुम्हीपण त्याच वाटेनं जा, सोपं पडतं.

सुरुवातीला एक कागद घ्या. डावीकडं ईआर (बाहेर जाणारे प्रोटीन इथं बनतात), मग गॉल्जी (इथं त्यांची वाटणी होते), उजवीकडं प्लाझ्मा मेम्ब्रेन (पेशीचा बाहेरचा पडदा), खाली एंडोसोम (बाहेरून आलेला माल इथं उतरतो) आणि लायसोसोम (इथं माल पचतो). प्रत्येक बाणावर एक छोटा गोळा काढा, ते आपलं व्हेसिकल. साधारण ६० ते १०० नॅनोमीटरचं धरा, नर्व्हच्या टोकाला असतात ती सिनॅप्टिक व्हेसिकल्स अजून बारकी, ४० नॅनोमीटरच्या आसपास. आता इथून पुढं जी पायरी येईल तिच्याखाली फक्त तीन गोष्टी लिहायच्या: काम कोण करतं, एनर्जी कुठून येते, आणि हे बंद पडलं तर मायक्रोस्कोपखाली काय दिसेल. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, पहिले दोन विसरलात तरी चालेल.

हा तिसरा रकाना म्हणजे काय ते यीस्टवरून बघू. १९७९ मध्ये पीटर नोविक आणि रँडी शेकमन यांनी यीस्टचा एक म्यूटंट, म्हणजे एक जीन बिघडलेला प्रकार, पकडला, सेक१. २५ अंशाला तो मजेत वाढतो, ३७ अंशाला नेला की एन्झाइम बाहेर टाकणं बंद, आणि आत बघावं तर पेशी व्हेसिकल्सनी गच्च भरलेली. बाहेर माल जाईना पण आत प्रोटीन बनतच राहतं, त्यामुळं पेशी जड होते, आणि या जडपणाचाच फायदा घेऊन त्यांनी डेन्सिटी ग्रेडियंटमध्ये फिरवून खाली बसणाऱ्या पेशी गोळा केल्या आणि १९८० पर्यंत २३ जीन्सचे ग्रुप हातात आले. मला ही आयडिया अजून भारी वाटते, कसलं महागडं मशीन नाही काही नाही, बिघडलेल्या पेशी आपोआप तळाला.

आता त्यातली खरी ट्रिक. सेक१२ बिघडवला की ईआर फुगतं आणि व्हेसिकल्स दिसत नाहीत. सेक१८ बिघडवला की ईआर आणि गॉल्जीच्या मधे बारक्या व्हेसिकल्सचा ढीग लागतो. मग दोन्ही एकाच पेशीत बिघडवले तर काय दिसेल? थांबा, पुढं वाचू नका, कागदावर लिहा. उत्तर असं की व्हेसिकल्सचा ढीग दिसत नाही, फक्त ईआर फुगतं, म्हणजे सेक१२ चं काम आधीचं आणि सेक१८ चं नंतरचं. व्हेसिकल सुटलंच नाही तर तुंबणार काय. एवढं एक लॉजिक पक्कं झालं की अख्खा धडा तुम्ही स्वतःच्या स्वतः लावू शकता.

पहिली पायरी, व्हेसिकल सुटलं का?

इथं फार वेळ घालवत नाही कारण आपला विषय पुढचा आहे, सुटलेलं व्हेसिकल बरोबर जागी पोचून मिसळतं कसं तो. ईआरमधून निघताना कॉप-टू नावाचा कोट, म्हणजे प्रोटीनचं आवरण, असतो, तिथं सार१ हा छोटा जीटीपी (एटीपीसारखाच एनर्जीचा रेणू, तुटला की जीडीपी उरतो) वापरणारा प्रोटीन मेम्ब्रेनवर बसतो आणि सेक१२ त्याला चालू करतो. गॉल्जीत आणि गॉल्जीकडून मागं ईआरकडं जायला कॉप-वन, तिथं आर्फ१. प्लाझ्मा मेम्ब्रेनवरून आत येताना क्लॅथ्रिन, आणि शेवटी मान आवळून तोडायला डायनॅमिन. डायनॅमिन बंद पडला की काय होतं ते फळमाशीच्या शिबिरे म्यूटंटमध्ये दिसतं, तापमान वाढवलं की माशी लुळी पडते आणि नर्व्हच्या टोकाला मेम्ब्रेनवर अर्धवट आत आलेले खड्डे तसेच लटकलेले.

दुसरी पायरी, कोट उतरला का?

ही लोक विसरतात. कोट अंगावर तसाच राहिला तर दोन मेम्ब्रेन एकमेकांना टेकणार कशा? कॉप कोटमध्ये जीटीपी तुटला की कोट सैल पडतो, क्लॅथ्रिनचा कोट उतरवायला एचएससी७० आणि ऑक्सिलिन लागतात आणि तिथं एटीपी खर्च होतो. टेस्ट करायची असेल तर जीटीपीच्या जागी न तुटणारा जीटीपी-गॅमा-एस द्या, कोट घातलेल्या व्हेसिकल्सचा ढीग लागेल. कॉप-वन व्हेसिकल्स गोळा करता आल्या त्या याच मार्गानं. एक बारीक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, कोट पूर्ण उतरल्यावरच पुढची पायरी चालू होते असं काटेकोर नाहीये, ट्रॅप नावाचा टेदर (व्हेसिकलला लांबून धरणारा, चौथ्या पायरीत येतो) कॉप-टू कोटच्या सेक२३ ला थेट चिकटतो. पुस्तकातल्या चित्रात पायऱ्या सुट्या सुट्या दिसतात, पेशीत त्या एकमेकांत घुसलेल्या असतात.

तिसरी पायरी, पत्ता बरोबर आहे का?

इथं निवांत बसा, कारण सगळा गोंधळ इथंच होतो.

पेशीत पत्ता एका पाटीवर लिहिलेला नसतो. दोन तीन अर्धवट खुणा मिळून पत्ता बनतो. पहिली खूण रॅब, जीटीपी असताना चालू आणि जीडीपी असताना बंद असणारे छोटे प्रोटीन. माणसात रॅब साठच्या वर आहेत आणि प्रत्येकाचं आपापलं ठिकाण, ईआर ते गॉल्जी रॅब१, अर्ली एंडोसोमवर रॅब५, लेट एंडोसोमवर रॅब७, रिसायकलिंगवाल्या एंडोसोमवर रॅब११, बाहेर सोडायच्या व्हेसिकल्सवर रॅब३ आणि रॅब२७. यीस्टमध्ये शेवटच्या टप्प्याला सेक४. रॅबच्या शेपटीला चरबीच्या साखळ्या लावलेल्या असतात, जीटीपी असताना त्या मेम्ब्रेनमध्ये रुतून बसतात, जीडीपी असताना जीडीआय नावाचा प्रोटीन त्याला तिथून उपटून काढतो आणि शेपटी झाकून सायटोसोलमध्ये, म्हणजे पेशीतल्या रसात, घेऊन फिरतो. मग रॅबला कुठं बसायचं हे सांगतो कोण? मुख्य करून जीईएफ, म्हणजे त्याला जीडीपी सोडून जीटीपी घ्यायला लावणारा. जीईएफ ज्या मेम्ब्रेनवर, रॅब तिथं टिकतो. जीईएफ मुद्दाम माइटोकॉन्ड्रियावर नेऊन चिकटवला तर त्याचा रॅब पण माइटोकॉन्ड्रियावर जाऊन बसतो, हे करून बघितलेलं आहे.

दुसरी खूण फॉस्फोइनोसिटाइड, म्हणजे मेम्ब्रेनमधलाच एक लिपिड ज्याच्या डोक्यावर फॉस्फेट वेगवेगळ्या जागी लागतात. गॉल्जीवर पीआय४पी, अर्ली एंडोसोमवर पीआय३पी, प्लाझ्मा मेम्ब्रेनवर पीआय४,५पी२. नुसता रॅब ओळखून चालत नाही आणि नुसता लिपिड ओळखूनही नाही, दोन्ही एकाच जागी सापडले तरच पक्कं. ईईए१ नावाचा प्रोटीन बघा, तो रॅब५ पण धरतो आणि पीआय३पी पण धरतो, म्हणून तो चुकून गॉल्जीवर जाऊन बसत नाही.

पत्ता बदलतो पण, हे मला उशिरा कळलं. एंडोसोम पिकत जातो तसा रॅब५ स्वतःच मॉन१-सीसीझेड१ ला बोलावतो, तो असतो रॅब७ चा जीईएफ, मग रॅब५ जातो आणि रॅब७ येतो. डबा तोच, वरची पाटी बदलली. टीबीचा जंतू नेमका इथंच खोडा घालतो, ज्या फॅगोसोममध्ये (पेशीनं जंतू गिळल्यावर बनणारी पिशवी) तो अडकलेला असतो त्याला रॅब५ च्या टप्प्यावरच अडवून ठेवतो, पीआय३पी खाणारा एन्झाइम सोडतो, त्यामुळं लायसोसोम येऊन मिसळत नाही आणि साहेब आत आरामात.

ही पायरी तपासायची सोपी पद्धत म्हणजे रॅब एका स्थितीत गोठवणं. रॅब५ चा क्यू७९एल म्यूटंट जीटीपीवर अडकून राहतो, तो पेशीत घातला की एंडोसोम एकमेकांत मिसळत सुटतात आणि मोठाले फुगे दिसतात. एस३४एन म्यूटंट उलटा, तो फ्यूजन, म्हणजे मेम्ब्रेन एकमेकांत मिसळणं, दाबतो. फुगे दिसले की समजा फ्यूजनला हिरवा सिग्नल जास्तच मिळतोय.

चौथी पायरी, लांबून धरलं का?

रॅब स्वतः काही ओढत नाही, तो फक्त टेदरला बोलावतो. टेदर दोन तऱ्हेचे. एक लांबलचक दोरीसारखे, गॉल्जीवरचे गॉल्जिन आणि आपला ईईए१, जो दोनशे नॅनोमीटरच्या वर लांब आहे, आणि त्याला रॅब५ येऊन चिकटला की ताठ असलेला तो ढिला पडतो आणि व्हेसिकलला जवळ खेचतो. दुसरे म्हणजे अनेक प्रोटीनचे गठ्ठे, प्लाझ्मा मेम्ब्रेनला एक्सोसिस्ट, त्यात ८ प्रोटीन, आणि लायसोसोमकडं हॉप्स, त्यात ६. एक्सोसिस्टमधला सेक१५ व्हेसिकलवरचा सेक४ धरतो आणि सेक३ व एक्सो७० प्लाझ्मा मेम्ब्रेनवरचा पीआय४,५पी२ धरतात. एका हातानं गाडी, एका हातानं धक्का.

२०१४ मध्ये मिए वोंग आणि शॉन मन्रो यांनी गॉल्जिन घेतले आणि एकेक करून माइटोकॉन्ड्रियावर नेऊन चिकटवले. माइटोकॉन्ड्रियाचा या वाहतुकीशी तसा काही संबंध नाही, तरी व्हेसिकल्स तिथं येऊन चिकटायला लागली, आणि नुसती कुठलीपण नाही तर ज्या गॉल्जिनचं जे गिऱ्हाईक तेच. म्हणजे निवड इथं होते, फ्यूजनच्या आधी. टेदरिंग आणि फ्यूजन वेगळे आहेत हे डोक्यात बसवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही.

मायक्रोस्कोपखाली टेदर बिघडल्यावर व्हेसिकल्स विखुरलेली दिसतात, मेम्ब्रेनला लागून रांगेत नसतात. रांगेत उभी आहेत पण मिसळत नाहीत, असं दिसलं तर पुढच्या पायरीवर जा.

पाचवी पायरी, स्नेअर

स्नेअर म्हणजे दोन मेम्ब्रेन एकमेकांकडं ओढून मिसळवणारे प्रोटीन. आधी नावांचा घोळ निस्तरू. स्नॅप-२५ आणि अल्फा-स्नॅप यांचा एकमेकांशी नात्यानं काहीही संबंध नाही. अल्फा-स्नॅप हा एनएसएफला (त्याचं काम आठव्या पायरीत) जागेवर चिकटवणारा प्रोटीन, आणि स्नॅप-२५ हा सिनॅप्समध्ये (नर्व्हच्या टोकाचा जोड) सापडलेला २५ किलोडाल्टनचा प्रोटीन, दोघांची आद्याक्षरं योगायोगानं जुळली. त्यातून स्नेअर म्हणजे 'स्नॅपचा रिसेप्टर', तो अल्फावाल्या स्नॅपचा, आणि स्नॅप-२५ स्वतः स्नेअर आहे. ज्यानं हे असंच राहू दिलं त्याला विद्यार्थ्यांचे तळतळाट लागले असणार.

कथा अशी की जेम्स रॉथमन टेस्ट ट्यूबमध्ये गॉल्जीची वाहतूक चालवत होते. एका गॉल्जीत कार्गो आहे पण त्याला साखर जोडणारा एन्झाइम नाही, दुसऱ्या गॉल्जीत एन्झाइम आहे पण तो कार्गो नाही, दोन्ही मिसळल्यावर कार्गोला रेडिओअ‍ॅक्टिव्ह साखर लागली तर समजायचं माल पोचला. यात एनईएम नावाचं केमिकल टाकलं की सगळं ठप्प. मग जो प्रोटीन परत टाकल्यावर गाडी चालू झाली तो एनएसएफ, १९८८ ला शुद्ध करून काढला, आणि तो निघाला यीस्टचा सेक१८. दोन टोकांनी खणलेला बोगदा मधोमध भेटला. १९९३ मध्ये गाईच्या मेंदूतून एनएसएफ आणि स्नॅपला धरणारे प्रोटीन काढले, तेच स्नेअर. शेकमन, रॉथमन आणि थॉमस सुडहॉफ या तिघांना २०१३ चं नोबेल मिळालं.

काम कसं चालतं? व्हेसिकलवर सिनॅप्टोब्रेव्हिन, त्यालाच व्हॅम्प म्हणतात. समोरच्या मेम्ब्रेनवर सिनटॅक्सिन आणि स्नॅप-२५. सिनॅप्टोब्रेव्हिनची एक हेलिक्स, सिनटॅक्सिनची एक, स्नॅप-२५ च्या दोन, अशा चार एकमेकांभोवती पीळ घालत जातात, मेम्ब्रेनपासून लांबच्या टोकाकडून सुरू होऊन मेम्ब्रेनकडं, चेन लावत यावी तशा. गठ्ठ्याच्या मधोमध एका थरात तीन ग्लुटामिन (एका अक्षरात क्यू) आणि एक आर्जिनिन (आर) समोरासमोर, म्हणून क्यू-स्नेअर आणि आर-स्नेअर ही नावं. १९९८ ला क्रिस्टल स्ट्रक्चर आलं. हा गठ्ठा इतका चिवट की एसडीएसमध्येही (प्रोटीन उलगडून टाकणारा साबण) सुटत नाही, उकळावा लागतो. याचाच वापर करा, एक सॅम्पल उकळून आणि एक न उकळता जेलवर चालवा, न उकळलेल्यात वर जड बँड दिसला म्हणजे स्नेअर जुळलेत.

आता एक मोह टाळा. 'स्नेअर जुळले म्हणजे पत्ता जुळला' असं सुरुवातीला वाटत होतं, पण टेस्ट ट्यूबमध्ये स्नेअर नको त्यांच्याशीपण जुळतात. माझ्या मते स्नेअरला शेवटचा चेक म्हणावं, पत्ता म्हणू नये. शिवाय वरून मुकादम असतात, मंक१८ आणि त्याचे भाऊबंद. मंक१८ आधी मिटलेल्या सिनटॅक्सिनला धरून ठेवतो, मंक१३ तो उघडायला मदत करतो, मग जुळणी. उंदरातून मंक१८-१ काढून टाकला तेव्हा मेंदू तर बनला पण न्यूरोट्रान्समीटर बाहेर पडणं पूर्ण बंद. हे मदतनीस नाहीत, यांच्याशिवाय पान हलत नाही.

सहावी पायरी, खरंच मिसळलं का?

दोन मेम्ब्रेन जवळ येताना शेवटच्या एक दोन नॅनोमीटरला पाण्याचा थर आडवा येतो, तो हटवायलाच सगळी मेहनत. मेम्ब्रेन दोन थरांची असते, मग बाहेरचे, म्हणजे समोरासमोरचे, दोन थर आधी जुळतात, आतले अजून वेगळेच, याला हेमीफ्यूजन म्हणतात. नंतर आतले जुळतात आणि बारीक भोक पडतं, ते फ्यूजन पोअर, ते रुंदावलं की माल बाहेर. किंवा रुंदावतच नाही, परत बंद होतं, असंही होतं.

टेस्ट करताना नव्वद टक्के चुका इथं होतात, हा आकडा माझ्या मनाचा आहे पण भावना समजून घ्या. लायपोसोममध्ये (लिपिडच्या कृत्रिम पिशव्या) एनबीडी आणि रोडामिन असे दोन रंग घालतात, मिसळल्यावर रंग पांगतात आणि एनबीडीचा उजेड वाढतो, की लगेच 'फ्यूजन झालं'. थांबा. हेमीफ्यूजनमध्येही लिपिड मिसळतात. म्हणून आधी डायथायोनाइट टाकून बाहेरच्या थरातला एनबीडी विझवा, मग फक्त आतल्या थराचा सिग्नल उरतो, तो वाढला तर दोन्ही थर मिसळले. त्याच्याही पुढं जाऊन आतला माल मिसळला का ते वेगळं बघा, आणि माल मिसळलाय की लायपोसोम फुटून नुसता गळलाय हेपण बघा. तिन्ही जुळल्याशिवाय फ्यूजन लिहू नका.

जिवंत पेशीत करायचं असेल तर पीएचफ्लुओरिन नावाचा चमकणारा प्रोटीन लावतात. व्हेसिकलच्या आत ॲसिड असतं म्हणून तो विझलेला, बाहेर उघडला की चमकतो. किंवा पॅच क्लॅम्पनं (पेशीला चिकटवलेल्या बारीक काचनळीनं) कपॅसिटन्स, म्हणजे मेम्ब्रेनची विद्युतभार साठवायची क्षमता, मोजतात, एर्विन नेहर आणि अलँ मार्टी यांनी १९८२ ला दाखवलं, मेम्ब्रेन वाढली की कपॅसिटन्स वाढतो. फक्त एक लक्षात ठेवा, दोन्हीत दिसते ती गोळाबेरीज, बाहेर गेलेलं वजा आत आलेलं. ग्राफ सपाट आहे म्हणजे काहीच होत नाहीये असं नाही.

सातवी पायरी फक्त तिथं जिथं घाई आहे

ईआर ते गॉल्जीला बाहेरून सिग्नलची वाट बघावी लागत नाही. सिनॅप्समध्ये मात्र व्हेसिकल आधीच स्नेअर अर्धवट जुळवून तयार उभं असतं आणि कॅल्शियम आला की मिलिसेकंदाच्या आत सुटतं. कॅल्शियम ओळखतो सिनॅप्टोटॅगमिन, त्याच्या सी२ए भागात तीन आणि सी२बी भागात दोन कॅल्शियम बसतात. कॉम्प्लेक्सिन त्याच्या जोडीला, वेळेआधी सुटू न देणं आणि वेळेवर झटक्यात सोडणं ही दोन्ही कामं त्याच्या नावावर. उंदरात सिनॅप्टोटॅगमिन-१ काढला तर झटपट रिलीज जातं पण सावकाश, उशिरानं होणारं राहतं. तुंबण्याच्या भाषेत सांगायचं तर रस्ता उघडाच आहे, फक्त सिग्नल गेलाय.

आठवी, आणि इथं सगळे फसतात

फ्यूजन झाल्यावर स्नेअरचा गठ्ठा एकाच मेम्ब्रेनवर पडून राहतो. तो सोडवला नाही तर पुढच्या फेरीला स्नेअरच नाहीत. सोडवतो एनएसएफ, सहा भागांची रिंग, अल्फा-स्नॅपच्या मदतीनं, आणि एटीपी इथं खर्च होतो. एनएसएफ बंद केला की फ्यूजन थांबतं, म्हणून बरीच वर्षं लोकांना वाटायचं की एनएसएफच फ्यूजन करतो. मग यीस्टच्या व्हॅक्युओलवर (यीस्टचा लायसोसोमच समजा) काम करताना विल्यम विकनर यांच्या लॅबनं दाखवलं की एनएसएफचं काम मेम्ब्रेन एकमेकांना धरायच्या आधीच उरकलेलं असतं. म्हणून तिसऱ्या रकान्यात लिहिताना स्वतःला विचारा, हा पार्ट काढल्यावर काम लगेच थांबलं की आधीचा साठा संपल्यावर थांबलं?

हाताशी ठेवायच्या काही युक्त्या. व्हीएसव्ही व्हायरसचा जी प्रोटीन, टीएस०४५ म्यूटंट, ४० अंशाला ईआरमध्येच वाकडा होऊन अडकतो, ३२ अंशाला आणला की सगळे एकदम निघतात, सुरुवातीची रेषा एकदम स्वच्छ मिळते. २० अंशाला ठेवलं की माल गॉल्जीच्या शेवटच्या टोकाला थांबतो. ब्रेफेल्डिन ए टाकलं की आर्फ१ चालू होत नाही, कॉप-वन गळून पडतो आणि गॉल्जीच ईआरमध्ये विरघळते, म्हणून ब्रेफेल्डिननंतर 'माल ईआरमध्ये आहे' एवढ्यावरून तो निघालाच नव्हता असा अर्थ काढू नका.

आता एक गणित तुम्हाला. टिटॅनसचं टॉक्सिन आणि बोट्युलिनम बी टॉक्सिन, दोन्ही सिनॅप्टोब्रेव्हिन तोडतात, आणि तेसुद्धा अगदी त्याच एका बाँडवर, ७६ नंबरचा ग्लुटामिन आणि ७७ नंबरचा फेनिलअ‍ॅलॅनिन यांच्या मधे. तरी टिटॅनसमध्ये माणूस ताठ होतो, जबडा आवळतो, आणि बोट्युलिनममध्ये स्नायू लुळे पडतात. आपल्या कागदावर दोन्हीची पायरी एकच, पाचवी, दोन्हीत व्हेसिकल्स मेम्ब्रेनपाशी उभी पण मिसळत नाहीत. फरक पायरीत शोधलात तर सापडणार नाही, पेशी कुठली ते बघा. बोट्युलिनम स्नायूला हुकूम देणाऱ्या नर्व्हच्या टोकालाच थांबतो, हुकूमच बंद. टिटॅनसचं टॉक्सिन त्याच नर्व्हमधून उलटं वर स्पायनल कॉर्डमध्ये चढतं आणि हुकूम देणाऱ्या पेशीला 'बास कर' सांगणाऱ्या शेजारच्या पेशीत शिरतं, तिथला सिनॅप्टोब्रेव्हिन तोडतं, आता थांब म्हणणारं कुणी नाही आणि हुकूम सुटतच राहतात.